एका पाटीवर दोन निरोप

स्वरूपाच्या घरात ठेवलेली वस्तू ठेवल्या जागीच सापडते. किल्ली रात्री खुंटीला अडकवली की सकाळी खुंटीलाच. अर्धा प्यालेला चहा ओट्यावर विसरला तर संध्याकाळी तो तिथेच, वर साय धरून बसलेला. कात्री, चार्जर, कंगवा, कुणी काही हलवत नाही, कारण हलवायला कुणी नाहीच. लोकांना हे सुख वाटतं. मोशीच्या त्या नव्या इमारतीतल्या बायका तिला लिफ्टमध्ये म्हणतात, "तुमचं बरं आहे बाई, आमच्याकडे साधी कात्री वेळेला सापडेल तर शपथ." स्वरूपा हसते. एकदा तिच्या अगदी ओठावर आलं होतं की आठवड्यातून एकदा वर येऊन माझी कात्री कुठेतरी दडवून जात जा. पण लिफ्टमध्ये असं कुणी बोलतं का!

लहानपणी काळेवाडीत असं नव्हतं. लातूरकडून आलेलं कुटुंब, वडील कंपनीत, आणि दोन खोल्यांत सात माणसं. पेन्सिल खाली ठेवली की गेली. वही ठेवली की धाकट्याने तिच्यावर मोटार काढलीच. आई सारखी ओरडायची, "तुझं तुझ्या हातात धर, खाली ठेवू नको!" स्वरूपा चिडून म्हणायची, मोठी झाले की मी एकटीच राहणार. ती मोठी झाली आणि तिचं म्हणणं जरा जास्तच खरं झालं. आईवडील गेले, दोघे भाऊ बायकामुलं घेऊन बंगळूरला गेले. तिचं लग्न एकदा ठरलं, मोडलं, आणि नंतर ठरलंच नाही. हळूहळू नातेवाइकांनी तो विषयही सोडून दिला. तेव्हा तिला हायसं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. तिला फोन करायला कुणाकडे निमित्त उरलं नाही, एवढंच झालं.

ती प्रोग्रॅम लिहायची. चिंचवडला एमआयडीसीतल्या एका जुन्या शेडच्या वरच्या मजल्यावर ऑफिस होतं. मालक धनेश तिच्याहून वयाने लहान, तिला ताई म्हणायचा. कोरोनात सगळे घरून काम करायला लागले ते पुन्हा ऑफिसात आलेच नाहीत. धनेशही कधीमधी फिरकायचा. स्वरूपा मात्र रोज बस पकडून ऑफिसात जायची. घरी एकटं बसण्यापेक्षा ऑफिसात एकटं बसलेलं बरं, तिथे निदान खुर्च्या तरी जास्त आहेत.

तिथेच बसून तिने काही वर्षांपूर्वी 'निरोप' नावाची सोय उभी केली होती. महाळुंग्यातल्या एका कारखान्यात कामगारांना फोन आत नेता येत नसे. गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवायचा आणि शिफ्ट सुटली की घ्यायचा. मग घरी काही झालं तर कळवायचं कसं? तर घरच्यांनी आपल्या फोनवरून 'निरोप'वर दोन ओळी लिहायच्या. जेवणाच्या सुट्टीत कामगाराने कँटीनच्या दाराशी असलेल्या मशीनला आपलं कार्ड लावायचं, की पडद्यावर वर त्याचं नाव आणि खाली निरोप. तो दिसला की घरच्यांच्या फोनवर हिरव्या अक्षरांत यायचं, 'वाचला'. ते हिरवं 'वाचला' खास स्वरूपाची कल्पना. माणसाला वाट पाहत ठेवू नये, असं तिला फार वाटायचं.

अशी सोय तपासायला एक खोटा कामगार लागतो. तिने स्वतःचंच नाव घातलं. खोट्या कामगाराला खोटा निरोप लागतो. तिने लिहिलं, 'स्वरूपा, जेवलीस का?' प्रोग्रॅममध्ये काहीही बदल केला की ती ऑफिसातल्या मशीनला कार्ड लावायची. वर तिचं नाव यायचं आणि खाली तो प्रश्न. बरोबर आला की ती मान डोलवायची आणि पुढच्या कामाला लागायची. अशा तऱ्हेने दिवसाकाठी कितीदा तरी तिला जेवलीस का म्हणून विचारलं जायचं, आणि उत्तर द्यायची जबाबदारी नसायची. हे एक दिवस तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिची तिलाच लाज वाटली. तिने निरोप बदलून नुसतं 'टेस्ट' असं केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिलाच ठेवला.

पावसाळा सरता सरता कारखान्याकडून तक्रार आली. विलास नावाच्या कामगाराचं म्हणणं, मशीनने मला भलताच निरोप दाखवला. स्वरूपाला रागच आला. 'निरोप' चालू झाल्यापासून एक तक्रार नव्हती, आणि लोक स्वतः विसरून मशीनच्या नावावर बिल फाडतात हे तिने पुष्कळ पाहिलं होतं. तरी काम म्हणून तिने तपासलं. विलासच्या नावापुढे त्या दिवशीचा निरोप होता, कार्ड लावल्याची वेळ होती आणि हिरवं 'वाचला' होतं. मग तिने आणखी एक खबरदारी घेतली. एक छोटा प्रोग्रॅम लिहून हजार कार्डं एकाच क्षणी लावल्यासारखी करून पाहिली. हजारच्या हजार उत्तरं बरोबर आली, स्वरूपा, जेवलीस का. तिने लिहून टाकलं: यंत्रणेत दोष नाही, निरोप संबंधित व्यक्तीला दिसलेला आहे. कारखान्याने तेच उत्तर विलासला पाठवलं, आणि निरोप धाडणारी त्याची बायको नीला, तिलाही. पद्धतच तशी होती. स्वरूपा ते विसरून गेली.

काही दिवसांनी, दुपारच्या वेळी, विलास स्वतः जिना चढून वर आला. पस्तिशीच्या आतला, अंगात कंपनीचा निळा शर्ट, हातात हेल्मेट. दारात थांबून त्याने रिकाम्या खुर्च्यांच्या दोन रांगा पाहिल्या आणि मग शेवटी बसलेली बाई.

"जय भीम, मॅडम. ते निरोपचं ऑफिस हेच का?"

"हेच. बसा."

तो बसला नाही. "मी भांडायला आलेलो नाही," तो म्हणाला. "मशीननं त्या दिवशी मला काय दाखवलं, तेवढंच मला दाखवा."

स्वरूपाने त्याची नोंद काढून पडदा त्याच्याकडे वळवला. नीलाचा निरोप होता: 'दादांना दवाखान्यात नेतेय. श्वास लागलाय. लगेच या.' शेजारी 'वाचला'. दादा म्हणजे नीलाचे वडील.

विलासने वाचलं आणि मान हलवली. "हे मी नीलाच्या फोनवर पाहिलं. सगळं झाल्यावर. मशीनवर मला दिसलं होतं, 'येताना हिरव्या मिरच्या आणि सुकं खोबरं घेऊन ये. आई.' वर नाव माझंच होतं, विलास."

"तुमच्या आईने पाठवला असेल की."

"आई मी शाळेत असतानाच गेली, मॅडम. सासूबाईंना मी आई म्हणतो. मला वाटलं, त्यांनीच कुणाकडून तरी लिहून घेतलं." त्याने हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. "खरं सांगू का, मला बरं वाटलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण त्यांनी मला कधी काम म्हणून सांगितलं नव्हतं. गेलो की सतरंजी टाकायच्या, ताट वाढायच्या, पाण्याचा तांब्या हातात द्यायच्या. काम पोराला सांगतात ना. जावयाला कोण सांगतं?"

मग त्याने बाकीचं सांगितलं. शिफ्ट सुटल्यावर लॉकरमधून फोन घेतला तर त्यावर नीलाचे सकाळचे मिस्ड कॉल होते. त्याने उलट फोन केला, तिने उचलला नाही. मिरच्यांसाठीच केला असेल, असं म्हणून त्याने फोन खिशात टाकला. कंपनीच्या बसमधून उतरून तो काळेवाडीच्या मंडईत गेला. मिरच्या एकेक निवडून घेतल्या, खोबऱ्याच्या वाट्या वास घेऊन पारखल्या, आणि पिशवी हलवत सासुरवाडीच्या गल्लीत शिरला. गल्लीत माणसं उभी होती. दाराशी चपलांचा ढीग होता. आत सासऱ्यांना जमिनीवर ठेवलं होतं.

"मी दारात उभा, हातात पिशवी. सगळे माझ्या हाताकडं बघत होते," विलास म्हणाला.

नीलाने फक्त आपला फोन त्याच्यासमोर धरला होता. त्या हिरव्या 'वाचला'वर विसंबून तिने कारखान्याच्या गेटवर फोन केला नव्हता, शेजाऱ्यांना हाक मारली नव्हती. नवरा निघालाय, येतोच आहे, असं म्हणत ती म्हाताऱ्या आईला घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसून राहिली होती. त्या दिवसापासून ती काळेवाडीलाच होती. सासऱ्यांच्या पुण्यानुमोदनाच्या, दिवसांच्या कार्यक्रमाला विलास गेला, तर त्याला कुणी बस म्हटलं नाही. तो मागे चपलांपाशी उभा राहिला आणि परत आला.

"पण तोवर ती निदान फोन तरी घ्यायची. मग तुमचं उत्तर आलं. त्या दिवशी तिनं आपणहून फोन केला. म्हणाली, आता तरी खोटं बोलू नका. तेव्हापासून घेत नाही."

'तुमचं उत्तर' हे शब्द त्याने अगदी साधेपणाने उच्चारले, आणि म्हणूनच ते स्वरूपाला लागले. तरी ती म्हणाली, "मी नीट तपासलंय हो. हजार वेळा तपासलंय."

विलासने खिशातून आपलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "माझ्यासमोर एकदा करा. नाही निघालं तर मी जातो. पुन्हा येणार नाही."

ऑफिसातलं नेहमीचं मशीन होतंच, आणि एक जुनं कोपऱ्यात पडून होतं. स्वरूपाने दोन्ही जोडली. विलासचं कार्ड ऑफिसातल्या सर्व्हरला ओळखीचं नव्हतं, म्हणून तिने तपासणीच्या कामगारांची यादी उघडली. यादी कसली, त्यात एकच नाव होतं. 'स्वरूपा'. त्याच्याखाली तिने 'विलास' असं टाइप केलं, आणि तिचे हात थांबले.

हजार कार्डं तिने एकदम लावली होती खरी, पण हजारही कार्डं तिचीच होती. एकीचा निरोप दुसरीला गेला असता तरी दिसलं काय असतं? स्वरूपाच्या जागी स्वरूपाच. जेवलीस का, जेवलीस का, हजार वेळा जेवलीस का. अदलाबदल झाली असती तरी कळायची सोय नव्हती, कारण तिथे दुसरं कुणी नव्हतंच.

"काय झालं?" विलासने विचारलं.

"काही नाही. तुमच्या नावाने निरोप काय लिहू?"

"काहीही लिहा." मग तो म्हणाला, "लिहा, लगेच या."

दोघे दोन मशीनांपुढे उभे राहिले. स्वरूपा म्हणाली, "मी एक, दोन, तीन म्हणते. तीनला दोघांनी एकदम कार्ड लावायचं." पहिल्या खेपेला विलासने घाई केली. दुसऱ्या खेपेला ती मागे पडली. तिसऱ्यांदा एकदम लागलं, पण दोघांना आपापला निरोप दिसला. "पुन्हा," ती म्हणाली. शाळेत दोरीवरच्या उड्या मारताना दुसरीचा पाय बघून आपला पाय उचलायचा असतो, तशी ती विलासच्या हाताकडे बघत होती. कुणाबरोबर मिळून एकदम काही करायची तिची सवयच मोडली होती. पुन्हा, पुन्हा करता करता दोघांची लय जमली. एक, दोन, तीन.

विलासच्या पडद्यावर वर नाव आलं, विलास. आणि खाली, 'स्वरूपा, जेवलीस का?'

तिच्या पडद्यावरही तेच होतं. तिने वळून यादी पाहिली. विलासच्या 'लगेच या'पुढे हिरवं अक्षर उमटलं होतं, वाचला. तो निरोप दोघांपैकी कुणीही पाहिलेला नव्हता.

विलास पडद्याकडे पाहत राहिला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "हे तुम्हाला कोण विचारतंय, मॅडम?"

"मीच," स्वरूपा म्हणाली.

त्याने रिकाम्या खुर्च्यांकडे एकदा पाहिलं. स्वरूपाला त्या क्षणी रडू येईल असं वाटलं. स्वतःसाठी की त्याच्यासाठी, हे तिला सांगता आलं नसतं. मग ती खुर्चीत बसली आणि कारखान्याची खरी नोंद उघडली. विलासने कार्ड लावलं त्याच क्षणी शेजारच्या मशीनला गणराज नावाच्या पोराने कार्ड लावलं होतं. त्याच्यासाठी निरोप होता, येताना हिरव्या मिरच्या आणि सुकं खोबरं घेऊन ये. आई.

"सापडलं," ती म्हणाली, आणि त्याला सगळं समजावून सांगितलं. सर्व्हर एका वेळी पुष्कळांचं काम करतो. जितकी कार्डं तितके त्याचे हात, आणि सगळे हात एकदम चालतात. ज्याने त्याने आपला निरोप आपल्या हातात धरला तर काही बिघडत नाही. पण तिने सगळ्यांना मिळून एकच पाटी दिली होती. कार्ड लागलं की त्याचा निरोप पाटीवर लिहायचा आणि मग पाटी उचलून पडद्यावर दाखवायची. तिने लिहिलं तेव्हा कारखान्यात एकच मशीन होतं, कार्डं एकामागून एक लागायची, पाटीला वेळ मिळायचा. पुढे कारखाना वाढला, कँटीनच्या भिंतीला ओळीने चार मशीनं लागली. तिला कुणी सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही. विलासचा निरोप पाटीवर लिहिला गेला आणि पाटी उचलायच्या आत गणराजचा हात आला. पाटी पुसली गेली, गणराजचा निरोप वर उमटला, आणि तोच दोघांना दिसला. 'वाचला' मात्र दोघांच्या नावापुढे लागलं, कारण ते पाटी बघून नाही, कार्ड बघून लागायचं.

तुझं तुझ्या हातात धर, खाली ठेवू नको. आई कानीकपाळी ओरडायची ते काही उगाच नव्हतं. पण इतकी वर्षं एकटीने काढल्यावर, खाली ठेवलेलं उचलायला दुसरा हात येऊ शकतो, हेच स्वरूपा विसरून गेली होती.

तिने धनेशला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, शांतपणे दुरुस्त करा, पण कुणाला बोलू नका. कंत्राट नव्यानं व्हायचंय. त्याला सांगा, चौकशी चालू आहे."

"कारखान्याला सांग, एक सोडून बाकीची मशीनं बंद ठेवा म्हणावं. आत्ताच सांग. दुरुस्ती मी करते," स्वरूपा म्हणाली. "पण आधी काळेवाडीला जाऊन येते."

"काळेवाडीला कशाला?"

"एक निरोप पोचायचा राहिलाय." धनेश पुढे काहीतरी बोलत होता. तिने फोन बंद करून पर्समध्ये टाकला.

विलासच्या गाडीवर मागे बसून ती काळेवाडीत आली. ज्या गल्ल्यांत ती पळापळी खेळली तिथे आता तीन-तीन मजले चढले होते आणि ओळखीचं एक दार दिसत नव्हतं. विलासने एका इमारतीखाली गाडी थांबवली. "तुम्ही जा वर. मी इथंच थांबतो. मला पाहिलं तर ती दार लावून घेईल."

दार नीलानेच उघडलं. सुकलेला चेहरा, डोळ्यांखाली काळं. आत बुद्धमूर्तीशेजारी वडिलांचा हार घातलेला फोटो होता, आणि भिंतीला टेकून तिची आई, कौशल्याबाई, लसूण सोलत बसली होती. स्वरूपाने येताना वाटेत मनाशी वाक्यं जुळवली होती, ती सगळी पळाली.

"तुमच्या फोनवर 'वाचला' आलं ना, ते मी लिहिलंय," ती म्हणाली. "आणि ते खोटं आहे."

मग तिने पाटीची हकीकत सांगितली. गणराज सांगितला, त्याची आई सांगितली, आणि मघाशी ऑफिसात काय झालं तेही सांगितलं. नीला दाराला धरून ऐकत होती.

"मग माझा निरोप कुणी वाचला?"

"कुणीच नाही."

नीला खाली बसली. "दादा शेवटपर्यंत विचारत होते, निघाला का विलास. मी सांगत होते, निघालेत, वाचलंय त्यांनी, येतीलच." ती आता रडत होती आणि रडता रडता चिडली. "आणि यंत्रणेत दोष नाही म्हणून आलेलं उत्तर? ते कुणी लिहिलं?"

"तेही मीच."

"न बघता?"

"बघितलं होतं. पण मी एकटीच होते. हा दोष एकटीला दिसत नाही, दोघं लागतात."

नीलाने तिच्याकडे रागाने पाहिलं. तो राग योग्यच आहे असं स्वरूपाला वाटलं, आणि तिने मान खाली घातली. कौशल्याबाईंचे हात लसणावर थांबले होते.

"म्हंजी त्यो निरोप दुसऱ्या कुनाच्या आईचा व्हता?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आन् ह्यो माझा म्हनून घेऊन आला?"

"हो. ते म्हणाले, आईंनी पहिल्यांदाच काम सांगितलं म्हणून बरं वाटलं. निवडून निवडून आणलं होतं."

कौशल्याबाईंनी लसूण बाजूला सारला. गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक कापडी पिशवी होती. "मिरच्या नासल्या, टाकून दिल्या. खोबरं टाकवंना," त्या म्हणाल्या. "लई राग आला व्हता बघून. मानूस गेलंय आन् ह्यो बाजार करतोय. पर टाकवंना." त्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली, पदराने डोळे पुसले आणि गॅलरीत जाऊन कठड्यावरून खाली वाकल्या.

"विलास!"

खाली गाडीला टेकून उभा असलेला विलास दचकून सरळ झाला.

"खोबरं हाय घरात," कौशल्याबाई वरून ओरडल्या. "मिरच्या तेवढ्या घिऊन ये!"

विलास वर बघत राहिला. मग म्हणाला, "आणतो, आई."

नीलाने सवयीने फोन हातात घेतला. पण मग तो तिने तसाच फोटोपाशी ठेवला, पायात चपला सरकवल्या आणि जिना उतरून गेली. खालून तिचा आवाज आला, पण ती काय म्हणाली ते वर ऐकू आलं नाही. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज.

आता घरात दोघीच उरल्या. स्वरूपा पर्स सावरून दारापाशी उभी होती. तिचं काम झालं होतं. मोशीची बस कुठून मिळेल, याचा ती विचार करू लागली.

"आन् तू गं?" कौशल्याबाई किसणी धुता धुता म्हणाल्या. "जेवलीस का?"

स्वरूपाची मान सवयीने डोलली. बरोबर आलं, पुढचं काम.

"मान काय डोलवतीस? जेवलीस का न्हाई ते सांग की."

स्वरूपाने पर्स खांद्यावरून काढून खाली ठेवली.

"नाही," ती म्हणाली. "जेवले नाही."